रिंग बसेपर्यंत

आमच्या आर्णीत 'गाडी बसली' म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक सगळ्यांचा. इंजिन जाम झालं, गाडी संपली, आता ढकलत न्या. दुसरा अर्थ फक्त आमच्या मिस्त्रींच्या दुकानात चालायचा. तिथे गाडी बसली म्हणजे नव्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या नळीत घासून घासून तिच्या अंगच्या झाल्या आणि आता ती म्हणाल तिथं नेईल. "बसल्याबिगर धावत नाई," हे त्यांचं वाक्य होतं. हे ते गाडीबद्दल म्हणत, नव्या सुनेबद्दल म्हणत, आणि एकदा गावात नवे तहसीलदारसाहेब बदलून आले तेव्हा त्यांचं भाषण ऐकून आल्यावर त्यांच्याबद्दलही म्हणाले होते. "बसू द्या अजून. आवाज कोरडा हाय."

मी पोस्टमन. माझी स्कूटर जुनी, दोन स्ट्रोकची, हातात गिअर असलेली, आणि तसल्या गाड्यांना हात लावणारा तालुक्यात हा एकच माणूस उरला होता. मोटारसायकल घेऊन कोणी आलं तर मिस्त्री वर न बघता म्हणायचे, "पुढं जा." नव्या, बिनगिअरच्या स्कूटरवाल्यालाही तेच. एखाद्यानं फारच गळ घातली तर विचारायचे, "तिले गिअर नाई, मंग तुमी तिच्याशी बोलता कसे?" गिऱ्हाईक गाडी ढकलत पुढं जायचं.

दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाभळीचं लाकडी टेबल आणि भिंतीला टांगलेले पाने. माणूस बारीक, काळाभोर, पांढऱ्या मिशांचा, डोक्यावर कायम तेलकट टोपी. गाडी आली की आधी गिऱ्हाइकाला गप्प करायचे. मग मोठ्या पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायचं. या वेळी कोणी खोकललं तरी चालत नसे. एकदा माझ्यासमोर एका पुढाऱ्याचा फोन वाजला. मिस्त्रींनी कानाची मूठ काढली, पेचकस टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला निघून गेले. पुढारी अर्धा तास गाडीजवळ उभा. परत आल्यावर म्हणाले, "तुमचं झालं बोलून? आता तिले बोलू देता का?"

सर्कलिपचा किस्सा तर मी पन्नास जणांना सांगितला असेल. पिस्टनची पिन जागच्या जागी राहावी म्हणून दोन्ही बाजूंना तारेची एकेक बारीक कडी असते, तीच सर्कलिप. लावताना निसटून खाली इंजिनात पडली तर सगळंच खोलावं लागतं. म्हणून मिस्त्री आधी इंजिनाच्या तोंडात बायकोच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबायचे. एके दिवशी कडी हातातून उडाली ती गायब. दुकानात आम्ही तिघं होतो. मिस्त्रींनी तिघांना अंगातले सदरे काढून झटकायला लावले. एक जण सोयाबीनच्या भावासाठी बाजारात जायला निघाला होता, त्याला हात धरून बसवला. तासाभरानं मिस्त्रींची बायको डबा घेऊन आली, आम्हाला बनियनवर बघून पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "तुमची टोपी झटकली का?" कडी टोपीच्या घडीत होती.

मी तिला वहिनी म्हणायचो. अंगानं भरलेली, चालताना धाप लागायची, पण हसायला तयार. दोघंही बंजारा, ती वरच्या तांड्यावरची. आपसात ते गोरबोलीत बोलायचे. त्यातलं मला फारसं कळायचं नाही. एक शब्द मात्र दोन्ही भाषांत सारखाच होता, आणि तो मी त्यांच्याकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकला. 'उतर.'

त्याचं असं होतं. वहिनींचं माहेर पठारावर. आर्णीपासून पंधरा-सोळा किलोमीटर रस्ता सपाट, दोन्ही बाजूंनी कपाशी आणि तूर, आणि मग एकदम अंगावर येणारा चढ. मिस्त्रींची स्वतःची स्कूटर आम्हा सगळ्यांच्या गाड्यांपेक्षा म्हातारी. दोघांना घेऊन ती चढ चढायची नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना मिस्त्रींनी चढाच्या पायथ्याला गाडी थांबवली, एक पाय टेकवला आणि म्हणाले, "उतर." नवी नवरी उतरली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालत वर गेली. पुढं तीस वर्षं हेच. तीजेला, दिवाळीला, भावाच्या लेकराच्या बारशाला. मिस्त्री एकटे पुढं जायचे आणि वरच्या पळसाखाली थांबायचे. ती पोचेपर्यंत इंजिन बंद करायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, वीस-वीस मिनिटं पेट्रोल कशाला जाळता?" तर म्हणाले, "तिले आवाज आयकू आला पायजे ना जी. मी हाय म्हनून."

इतका हिशेबी हात, आणि तिथं पेट्रोल जळायचं.

मग वहिनींचे गुडघे गेले. दुकानापर्यंत डबा आणणं बंद झालं, तिथं चढ काय चढणार. दोन दिवाळ्या ती माहेरी गेली नाही. भाऊ जीप घेऊन न्यायला आला होता, त्याला परत पाठवलं. मी तिला म्हटलंही, "अहो वहिनी, ऑटो करून देतो, अर्ध्या तासात वर." तर म्हणाली, "तीस साल यानं उतरवलं भाऊ, आता चढवन बी यानंच." हे मिस्त्रींच्या कानावर गेलं होतं. त्या आठवड्यात त्यांनी कधी नव्हे ते मला पोस्टात येऊन विचारलं, की दूरच्या गावाहून पार्सल मागवलं तर किती दिवसांत येतं.

पार्सल श्रावणात आलं. जड होतं. वर इंग्रजीत छापलेलं, ते मी वाचून दाखवलं, मोठ्या बोरचा किट. म्हणजे जुन्या सिलिंडरच्या जागी रुंद नळीचा नवा सिलिंडर, त्यात मावेल एवढा मोठा पिस्टन, रिंगा आणि वरचं हेड. गाडी तीच, दम जास्त. आता माझी चूक बघा. वाटेत गल्लीतल्या एका म्हातारीनं विचारलं, "काय घेऊन चालले?" आणि मी उत्साहात सांगितलं, "मिस्त्रींचा मोठा बोर आला!"

आमच्याकडे बोर म्हणजे जमिनीत मारतात तो. गल्लीत नळाला चार दिवसांआड पाणी. संध्याकाळपर्यंत मिस्त्रींच्या अंगणात मंडळी जमली. कोणी विचारतंय किती फूट, कोणी म्हणतंय आमच्या बाजूनं पाइप काढा. एक जण तर तळहातावर नारळ उभा धरून पाणी बघणाऱ्यालाच घेऊन आला. तो गडी नारळ घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारून स्कूटरजवळ थांबला आणि म्हणाला, "इथं हाय." मिस्त्रींनी त्याच्याकडे गंभीरपणे पाहिलं. "बराबर हाय," म्हणाले. "पन फूट नाई, मिलिमीटर." वहिनी खाटेवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तिचं ते हसणं मला अजून दिसतं.

दुसरा कोणी असता तर एका दिवसात किट बसवून मोकळा झाला असता. मिस्त्रींनी तीन आठवडे घेतले. सिलिंडरच्या नळीला तेलाचा हात लावायचा, पिस्टन वरून अलगद सोडायचा, आणि तो आपल्या वजनानं, ना धपकन ना अडखळत, खाली उतरतो का ते बघायचं. खालून करंगळी लावून ठेवायची. "हातानं ढकलला तं कोनीबी उतरते," म्हणायचे. "सोताहून उतरला पायजे." पिस्टनवर एक बाण कोरलेला असतो, त्याचं तोंड सायलेन्सरच्या बाजूला हवं. ते त्यांनी वहिनीला बोलावून तिच्याकडून खात्री करून घेतलं, जशी काही तीच तपासनीस. इंजिनाचं तोंड नव्या सिलिंडरला लहान पडत होतं, ते कानशीनं रोज थोडं थोडं रुंद केलं, आणि लोखंडाचा कण आत जाऊ नये म्हणून लुगड्याचा बोळा रोज नवा.

गाडी चालू झाली त्या दिवशी वहिनी नवं लुगडं नेसून दारात उभी होती. मलाही वाटलं, आज निघाले. मिस्त्रींनी इंजिनाला पेचकस लावून ऐकलं, मान हलवली आणि तिच्याकडे हात पसरला. "टिकली दे."

ही टिकलीची पद्धत त्यांचीच. नवा पिस्टन टाकलेली गाडी पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर पळवायची नाही, चढावर न्यायची नाही आणि मागे कोणाला बसवायचं नाही, नाहीतर रिंगा बसायच्या आधी इंजिनच बसतं. लोक कुठं ऐकतात? म्हणून मिस्त्री बायकोच्या पाकिटातली लाल टिकली मागून घेत आणि स्पीडच्या काचेवर चाळीसच्या आकड्यावर चिकटवत. काटा टिकलीला शिवता कामा नये. हजार झाले की गाडी दुकानात आणायची, टिकली ते स्वतः नखानं काढणार. तालुक्यात त्या काळात काचेवर टिकली असलेली स्कूटर दिसली की लोक ओळखायचे, ही मिस्त्रींची, हिला ओव्हरटेक करा.

स्वतःच्या गाडीला त्यांनी स्वतःचा नियम लावला. वहिनी म्हणाली, "हजार म्हंजे कवा?" मिस्त्री म्हणाले, "दिवाळीले. मेरा पाह्यले वर राहशीन." दिवाळीला तांड्यावरच्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर मेरा, म्हणजे दिव्याची ओवाळणी, मागायला जातात. ते तिला भावाच्या दारात बसून बघायचं होतं. लहानपणी तीही जायची.

तेव्हापासून ते रोज सकाळी एकटे निघायचे. पायथ्यापर्यंत जायचं, गाडी झाडाखाली निववायची आणि परत. एकट्यानं सुद्धा चढावर चाक घातलं नाही. मी म्हटलं, माझी डाक त्याच रस्त्याला असते, मला द्या, दुप्पट लवकर होतील. तर म्हणाले, "ज्यानं बसवला त्यानंच चालवा लागते. तुमचा हात अलग." पाऊस लागला की दोन-दोन दिवस गाडी निघत नसे. गल्लीत रामरामाच्या जागी एकच प्रश्न सुरू झाला. "मिस्त्री, किती झाले?" दोनशे. साडेतीनशे. पाचशे. आम्ही त्यात मजा घेत होतो, खोटं कशाला बोलू.

नवरात्रात मी त्यांच्या घरी मनिऑर्डर द्यायला गेलो. मिस्त्री घरी नव्हते. वहिनी खाटेवर पडून होती, पाय सुजलेले, आवाज बारीक झालेला. मला जवळ बोलावलं.

"भाऊ, किती झाले?"

"सातशे."

ती कोपरावर रेलून जराशी उठली. मग म्हणाली, "तुमी त्याईले सांगजा. म्हना, आता नेऊन आन म्हनाव एक खेप. दिवाळीची वाट नोको पाहू. मी म्हनलं तं म्हनते, इंजन जाईन. तुमचं आयकते ते."

मी म्हटलं, "सांगतो ना वहिनी. आजच सांगतो."

संध्याकाळी मी दुकानात गेलो. मिस्त्री कार्बोरेटर साफ करत होते. मी सुरुवात केली, "मिस्त्री, सातशे म्हणजे झालेच की, आता..." त्यांनी टोपीखालून माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या पुढाऱ्याकडे पाहिलं होतं. मी म्हणालो, "आता थंडी पडेल." बस्स. मला त्या माणसाच्या रागाची भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर वाटलं, दिवाळीला उरलेत किती दिवस, कशाला आपण मधे पडा. मी कोणाचं पत्र कधी उशिरा दिलं नाही. पुरात छातीभर पाण्यातून तार नेऊन दिली आहे. आणि हा दोन वाक्यांचा निरोप मी खिशात ठेवून घरी आलो.

दसऱ्यानंतर परतीच्या पावसानं आठ-दहा दिवस गाडी निघालीच नाही. दिवाळीला आठ दिवस असताना सकाळी वहिनी गेली. न्हाणीतून आली, खाटेवर बसली, आणि आडवी झाली ती झालीच. मिस्त्री रस्त्यावर होते, फोन ते बाळगत नसत. गल्लीतल्या लोकांनी मला पाठवलं. मी माझी स्कूटर काढली आणि चढाच्या पायथ्याला गाठलं. ते झाडाखाली गाडी निववत बसले होते, इंजिनावर हात ठेवून, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात.

मी म्हटलं, "मिस्त्री, चला लवकर. वहिनींना बरं नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बरं नाई," म्हणाले, "का नाईच?"

मी माझी स्कूटर वळवली. ते उठले, मागचं धोतर झटकलं, किक मारली. सोळा किलोमीटर मी त्यांच्या मागे होतो. काटा मला दिसत नव्हता, पण माझा स्वतःचा दिसत होता. चाळीस. एकदाही वर नाही. पुढं लोकांनी त्यांना नावं ठेवली. बायको मरून पडली आणि हा बैताड गाडी जपत आला म्हणाले. मी तिथं होतो. त्यांचे खांदे मी मागून बघत होतो. ज्याला पोचायचंच नाही तो कशाला घाई करेल?

त्या दिवशी आठशे साठ झाले होते.

दिवाळी गेली. दुकान बंदच होतं. कोणी आता 'किती झाले' विचारत नव्हतं. मग एके दिवशी सकाळी डाकेची पिशवी भरताना मला तो आवाज ऐकू आला. मिस्त्री निघाले होते. दुसऱ्या दिवशीही. उरलेले एकशे चाळीस ते कोणासाठी पुरे करत होते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. हजार पुरे झाले त्या रविवारी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. टोपी धुतलेली. म्हणाले, "पोस्टमनभाऊ, बसा मागं. डबल सीट पाह्याची हाय."

मी बसलो. कापूस फुटला होता, रस्त्यानं बाया वेचत होत्या. पायथ्याला आलो. तिथं मिस्त्रींनी गाडी थांबवली, डावा पाय जमिनीवर टेकवला आणि मागं न बघता, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले,

"उतर."

मी उतरलो नाही. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांची मान खाली गेली. इंजिन संथ चालू होतं. मग त्यांनी पहिला गिअर टाकला, पाय वर घेतला आणि चढाला लागले.

गाडी चढली हो. आम्हा दोघांना घेऊन, न कण्हता, सरळ. मी वहिनीपेक्षा हलका नाही. त्या गाडीला काही जाणवलंच नाही. अर्ध्यावर धाप लागली असती, आवाज फाटला असता, तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं.

वर पळसाखाली मिस्त्री थांबले. मी उतरलो. ते तसेच बसून राहिले, इंजिन चालू ठेवून, आणि खाली रस्त्याकडे बघू लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्या आवाजात मला राहवेना. मी म्हटलं, "मिस्त्री, मी तुमचा गुन्हेगार आहे. वहिनींनी माझ्याजवळ निरोप दिला होता. दिवाळीची वाट बघू नको, एक खेप नेऊन आण म्हणून. मी तुम्हाला सांगितला नाही."

मला वाटलं होतं, मारतील. मारायला हवं होतं. ते वळलेही नाहीत.

"कवा?"

"नवरात्रात."

"किती झाले होते तवा?"

"सातशे."

त्यांनी पेचकस बाहेर काढला. तो कायम खिशात असायचा. खाली वाकून टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटले. मी श्वास धरून उभा राहिलो, खोकलासुद्धा आला नाही. खूप वेळ ऐकत होते. मग सरळ झाले आणि काचेवर अजून तशीच असलेल्या टिकलीकडे बघत, गिऱ्हाइकाला खरं तेच सांगायचं अशा आवाजात म्हणाले,

"सातशेले बसल्या होत्या रिंगा. चाललं असतं."

मग त्यांनी खाली हात घातला आणि इंजिन बंद केलं.